जुन्या मसल कारला जादा ट्रान्समिशन कूलर: नागपूरच्या उन्हाळ्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती १९६० च्या दशकातल्या आणि १९७० च्या सुरुवातीच्या अमेरिकन व्ही-८ गाड्यांसाठी आहे. या गाड्यांत तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो: जीएमचा टर्बो ३५० किंवा टर्बो ४००, क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट ७२७, फोर्डचा सी-४ किंवा सी-६. ट्रान्समिशन कूलर म्हणजे या गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा छोटा रेडिएटर. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीला या कूलरची गरज नाही.

रेडिएटरच्या टाकीत कंपनीचा कूलर आधीच आहे. दुसरा कशाला लावायचा?

गिअरबॉक्सची बहुतेक उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, तयार होते. या जुन्या गिअरबॉक्समध्ये लॉकअप (ही घसरण थांबवणारा क्लच) नसतो, त्यामुळे कन्व्हर्टर थोडा तरी घसरतच असतो आणि त्या घसरणीची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. हे तेल रेडिएटरच्या टाकीतल्या नळीतून फिरून थंड होतं, पण ती नळी तेलाला इंजिनच्या पाण्यापेक्षा थंड करू शकत नाही. थर्मोस्टॅट ८२ किंवा ९० अंशांचा असतो. नवतप्यात व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर पाणी १०५ वर गेलं, तर कंपनीचा कूलर उलट तेलच तापवायला लागतो. तिथे जादा कूलरचा उपयोग होतो.

मूळ इंजिन, मूळ कन्व्हर्टर आणि महिन्यातून एकदा सकाळी सेमिनरी हिल्सपर्यंत फेरफटका एवढाच वापर असेल, तर कूलरवर खर्च करण्याआधी रेडिएटर साफ करून घ्या. हाय-स्टॉल कन्व्हर्टर (इंजिनचा वेग बराच वाढेपर्यंत घसरत राहणारा), एसी, घाटातला प्रवास किंवा उन्हाळ्यात शहरातली गर्दी यांपैकी काहीही असेल, तर कूलर लावाच.

तेल नेमकं किती तापलेलं चालतं?

चेंबरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ट्रेमध्ये, ८० ते ९५ अंश सेल्सिअस हे निरोगी तापमान. त्याच्या वर गेल्यावर काय होतं, ते पाहा:

साधारण ११५ अंशांना तेल जळून व्हार्निशसारखा थर धरू लागतं आणि व्हॉल्व्ह अडकायला लागतात.
१२५ ते १३० ला रबरी सील कडक होतात.
१४५ च्या आसपास क्लच प्लेट घसरू लागतात.
१५५ च्या पुढे सील आणि क्लच दोन्ही जळतात.

या धंद्यातला ढोबळ नियम असा, की ८० अंशांच्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ९१ ला निम्मं आणि १०२ ला पाव. तेल बदलण्याचा काळ किलोमीटरवर ठरवू नका, या हिशोबाने ठरवा.

हाय-स्टॉल कन्व्हर्टरने एवढा फरक का पडतो?

समजा मागच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण ३.५५ आहे आणि टायरचा व्यास ६६ सेंटीमीटर. ताशी ७० किलोमीटरला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन सुमारे २,००० आरपीएमवर असेल. कन्व्हर्टर २,८०० स्टॉलचा, म्हणजे साधारण २,८०० आरपीएमपर्यंत घसरणारा असेल, तर रिंग रोडवर निवांत चालवतानाही तो सतत स्टॉलच्या खालीच राहतो, म्हणजे सतत घसरतो. चालवणाऱ्याला वाटतं गाडी आरामात आहे, तेल मात्र उकळत असतं. समृद्धी महामार्गावर १२० ने गेलं तर तीच गाडी ३,४०० च्या वर फिरते आणि कन्व्हर्टर बऱ्यापैकी धरतो. म्हणून अशा गाडीत शहरातला संथ प्रवास महामार्गापेक्षा जास्त घातक ठरतो.

कूलर किती मोठा घ्यावा? परदेशी तक्त्यावरून निवडला तर चालेल का?

तक्ता वाचा आणि त्याच्यापेक्षा एक माप वरचं घ्या. कूलर किती उष्णता टाकतो, हे तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. तेल ९५ अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ७० चा. नागपुरात मे महिन्यात हवा ४५ ची, म्हणजे फरक ५० चा. तोच कूलर इथे जवळपास ३० टक्के कमी काम करतो, आणि डांबरावरून उठणारी झळ यात धरलेलीच नाही.

मूळ कन्व्हर्टर असलेल्या गाडीला सुमारे २८० × १९० × १९ मिमी मापाचा प्लेट-फिन कूलर पुरतो. स्टॉल २,५०० च्या वर असेल किंवा एसी असेल, तर त्याच्या दीडपट क्षेत्रफळाचा घ्या. मोठा कूलर लावल्याने नागपुरात नुकसान होत नाही. अतिथंड तेलाची भीती बर्फाळ प्रदेशात खरी, आपल्याकडे तो प्रश्न फक्त डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थोडा वेळ येतो.

ट्यूब-फिन, प्लेट-फिन आणि स्टॅक्ड-प्लेट यांत कोणता घ्यावा?

ट्यूब-फिन म्हणजे नागमोडी नळीवर पत्र्याच्या पट्ट्या. स्वस्त असतो, दणकट असतो, पण त्याच मापात सगळ्यात कमी थंड करतो. प्लेट-फिन मधला. स्टॅक्ड-प्लेटमध्ये तेलाला एकाच वेळी अनेक वाटा मिळतात, प्रवाहाला अडथळा कमी होतो आणि थंड, घट्ट तेल वरच्या रुंद वाटेने निघून जातं. परवडत असेल तर स्टॅक्ड-प्लेटच घ्या.

एसीचा जुना कंडेन्सर वापरण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो ऐकू नका. त्याच्या वाटा गॅससाठी अरुंद असतात, तेलाचा प्रवाह कमी पडतो. या गिअरबॉक्समध्ये कूलरहून परतणारं तेलच आतल्या बुशिंग आणि गिअरना वंगण देतं. प्रवाह कमी झाला तर तेल थंड असूनही गिअरबॉक्स सुकून मरतो.

रेडिएटरमधला कूलर बायपास करून फक्त नवा लावला तर?

रेडिएटरची टाकी चांगली असेल तर बायपास करू नका. बाहेरच्या कूलरला वारा लागतो. सिग्नलवर उभ्या गाडीत वारा इंजिनच्या पंख्याचा तेवढाच. टाकीतला कूलर पाण्यात बुडालेला असल्यामुळे उभ्या गाडीतही काम करतो. दोघांचं काम वेगळं आहे, म्हणून दोन्ही ठेवा.

क्रम असा: गिअरबॉक्समधून निघालेलं तेल आधी रेडिएटरच्या टाकीत, तिथून जादा कूलरमध्ये, तिथून परत गिअरबॉक्समध्ये. उलटं जोडलं, तर बाहेरच्या कूलरने थंड केलेलं तेल रेडिएटर पुन्हा ९० अंशांवर नेऊन ठेवतो.

एकच अपवाद: टाकीतली नळी आतून गंजलेली किंवा फुटकी असेल आणि रेडिएटर लगेच बदलता येत नसेल. तेव्हा बायपास करा, पण स्वतःचा पंखा असलेला मोठा कूलर लावूनच.

जाणारी लाइन कोणती आणि परतीची कोणती, हे कसं ओळखायचं?

टर्बो ३५० आणि ४०० मध्ये खालचं तोंड बाहेर जाणाऱ्या तेलाचं आणि वरचं परतीचं. टॉर्कफ्लाइट ७२७ मध्ये पुढचं बाहेर जाणारं, मागचं परतीचं. पण साठ वर्षांच्या गाडीत आधी कोणी काय जोडून ठेवलंय, याचा भरवसा नाही. तपासूनच घ्या.

सोपी पद्धत: गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि एका मिनिटात दोन्ही लाइनना हात लावा. आधी गरम होते ती जाणारी. पक्की पद्धत: रेडिएटरकडचं एक टोक सोडा, दोन्ही तोंडांना होज लावून ते बादलीत सोडा आणि दुसऱ्या माणसाला इंजिन दोन-तीन सेकंद चालवायला सांगा. ज्यातून धार येते ती जाणारी. रेडिएटरच्या बाजूने काही आलं तर तेही तेलच असेल. नळीतून पाणी आलं तर टाकीतला कूलर फुटलाय, काम तिथेच थांबवा.

७२७ वाल्यांनी हे पार्कमध्ये करू नये. १९७८ च्या आधीच्या ७२७ मध्ये पार्कला कन्व्हर्टरकडे तेल जातच नाही, धार येणार नाही आणि पंप गेला असं वाटेल.

सामान काय काय लागेल?

कूलर आणि त्याचे ब्रॅकेट. एटीएफसाठीच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलासाठीच) बनवलेला होज, साधारण ३ मीटर. गिअरबॉक्सच्या लाइनचं माप बहुधा ५/१६ इंच, म्हणजे ८ मिमी, किंवा ३/८ इंच, म्हणजे ९.५ मिमी असतं. कॅलिपरने मोजूनच होज घ्या. ८ मिमीच्या नळीवर १० मिमीचा होज चढवून क्लिप आवळली की आज गळत नाही, पण मे महिन्यात गळतो.

रेडिएटरच्या तोंडाला ५/१६ च्या लाइनसाठी बहुधा १/२-२० आट्यांचा (अर्धा इंच व्यास, इंचाला २० आटे) इन्व्हर्टेड फ्लेअर, म्हणजे नळीचं फुललेलं टोक आत दाबून बसणारी जोड असते, ३/८ साठी ५/८-१८. हे इंची आटे आहेत. मिलिमीटरचा जवळपास जाणारा नट दोन फेरे जातो आणि मग पितळेचे आटे खातो. जोडणीचा निपल मिळाला नाही तर मूळ नट नमुना म्हणून लेथवाल्याकडे द्या.

शिवाय फ्लेअर नटचा पाना, ट्यूब कटर, फ्युएल इंजेक्शनसाठी येतात तशा गुळगुळीत पट्टीच्या क्लिपा, रबरी ग्रोमेट, बादली आणि २ लिटर जादा एटीएफ.

पेट्रोलचा होज किंवा जेसीबीचा हायड्रॉलिक होज चालेल का? तांब्याची नळी?

पेट्रोलचा होज नको. गरम एटीएफने तो आतून फुगतो, मऊ पडतो आणि त्याचे कण व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे गिअर बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या भागात, जातात.

हायड्रॉलिक होज क्रिम्प करून देणारे वाडी आणि हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला भेटतात आणि त्यांचं काम पक्कं असतं. अडचण दाबाची नाही, तापमानाची आहे. सर्वसाधारण हायड्रॉलिक होज १०० अंशांपर्यंतचाच असतो आणि कन्व्हर्टरमधून निघणारं तेल घाटात त्याच्या वर जातं. होजवर छापलेलं तापमान वाचा. किमान १२० अंशांचा मिळाला तर घ्या, नाही तर तो फक्त परतीच्या, म्हणजे थंड झालेल्या बाजूला वापरा.

तांब्याची नळी फ्रिजवाल्याकडे सहज मिळते आणि हाताने वाकते म्हणून मोह होतो. गाडीच्या थरथराटाने तांबं कडक होत जातं आणि फ्लेअरच्या गळ्याशी तडकतं. गरम तेलाची ती धार एक्झॉस्टवर पडली तर आग लागते. कडक लाइन करायची असेल तर स्टीलचीच करा, टोकाला दुहेरी फ्लेअर मारून.

कूलर कुठे बसवायचा? एसी आहे, समोर जागा नाही.

सगळ्यात चांगली जागा रेडिएटरच्या पुढे, ग्रिलच्या मागे, जिथे वारा सरळ येतो. रेडिएटर किंवा कंडेन्सरपासून १२ मिमी तरी अंतर ठेवा. फिनमधून आरपार घालायच्या प्लास्टिक पट्ट्या पाकिटात येतात. त्या वापरू नका. थरथराटाने त्या दोन्हीकडच्या नळ्या घासत राहतात आणि एका उन्हाळ्यात भोक पडतं. कोअर सपोर्टच्या (रेडिएटर धरणाऱ्या चौकटीच्या) मूळ भोकांना पट्टीचे ब्रॅकेट लावा. नवीन भोकं पाडावी लागणार नाहीत आणि गाडी कधीही मूळ स्वरूपात नेता येईल.

तोंडं वर किंवा बाजूला असू द्या. खाली ठेवली तर हवा अडकते आणि गाडी उभी असताना कूलर रिकामा होतो. बाजूला असतील तर तेल खालून आत आणि वरून बाहेर.

एसीच्या गाडीत कूलरने कंडेन्सरचा पाव भागही झाकू नये, नाही तर नागपूरच्या उन्हात एसी थंड करणं सोडतो. जागा नसेल तर स्वतःचा पंखा असलेला कूलर मागच्या बाजूला, फ्रेमच्या आत लावा. तो एक्झॉस्टपासून दूर आणि स्पीडब्रेकरला लागणार नाही इतका वर असावा.

बसवण्याचा क्रम सांगा.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या, जॅक स्टँडवर घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आधी कूलर ब्रॅकेटवर पक्का करा, म्हणजे होजची लांबी हवेत मोजावी लागत नाही.

रेडिएटरवरची परतीची लाइन सोडताना दोन पाने लावा. एक रेडिएटरच्या फिटिंगला धरून ठेवा, दुसऱ्याने नट फिरवा. एकाच पान्याने जोर लावला की आतल्या कूलरची डाखलेली जोड पिळवटते आणि पुढच्या महिन्यात तेलात पाणी मिसळतं. या कामात होणारं सगळ्यात महाग नुकसान हेच आहे, आणि ते अर्ध्या मिनिटाच्या घाईने होतं.

रेडिएटरच्या परतीच्या तोंडाला निपल लावा, तिथून होज कूलरच्या आत जाणाऱ्या तोंडाला. कूलरच्या दुसऱ्या तोंडातून होज परतीच्या स्टील लाइनला. स्टील लाइन कापली असेल तर टोकाला छोटा उंचवटा काढून घ्या. गुळगुळीत नळीवरून होज दाबाने सरकतो. होज सरळ कापा, नळीवर किमान २५ मिमी चढवा, क्लिप उंचवट्याच्या मागे बसवा. वळणं मोठी ठेवा, १० सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा कमी नकोत. कोअर सपोर्टमधून जाताना ग्रोमेट हवाच. पंखा, स्टिअरिंगचे दांडे आणि हेडर (एक्झॉस्टच्या इंजिनकडच्या नळ्या) यांपासून होज बांधून दूर ठेवा.

मग इंजिन सुरू करण्याआधी अर्धा लिटर एटीएफ टाका. न्यूट्रलमध्ये पाच मिनिटं चालवा, प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघा. ब्रेक दाबून सगळे गिअर एकेक करून घ्या आणि तेलाची पातळी पाहा.

कूलर लावल्यावर तेल पुरेसं फिरतंय हे कसं समजेल?

परतीची लाइन गिअरबॉक्सपाशी सोडून मोजमापाच्या भांड्यात धरा आणि न्यूट्रलमध्ये आयडलला चालवा. २० सेकंदांत जवळपास एक लिटर यायला हवं. २० सेकंदांच्या पुढे जाऊ नका आणि गेलेलं तेल लगेच भरा. ही चाचणी कूलर लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा करा. आधीच कमी आलं तर रेडिएटरमधली नळी तुंबलेली आहे. नंतर कमी झालं तर होज कुठेतरी मुडपलाय.

आट्यांना टेफ्लॉन टेप लावायचा का?

फ्लेअरच्या जोडीला अजिबात नाही. तिथे तेल अडवतं ते धातूचं टोक, आटे नाहीत. निमुळत्या पाइप आट्यांना द्रव सीलंट लावा, पहिला आटा सोडून. टेपचा तुकडा व्हॉल्व्ह बॉडीत गेला की गिअर अडकतो. गिअरबॉक्सचं आवरण अ‍ॅल्युमिनिअमचं आहे. निमुळता निपल जोर लावून आवळला तर तोंड चिरतं.

तेल कोणतं, किती आणि पातळी कशी पाहायची?

जीएम आणि क्रायस्लरच्या गिअरबॉक्सला डेक्स्रॉन-३ दर्जाचं एटीएफ. त्या काळच्या फोर्डला टाइप-एफ सांगितलेलं होतं. गिअरबॉक्स नंतर कोणत्या क्लच प्लेटवर बांधलाय ते विचारून ठरवा. नव्या सीव्हीटीचं तेल कधीही नको.

१० मिमी होजमध्ये मीटरमागे ७५ ते ८० मिली तेल बसतं. ३ मीटर होज आणि मध्यम कूलर मिळून साधारण अर्धा लिटर जादा लागतं. पातळी तेल गरम असताना, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून पाहायची: जीएम आणि फोर्ड पार्कमध्ये, क्रायस्लर न्यूट्रलमध्ये. २०० मिलीच्या टप्प्यांनी भरा. जास्त भरलं तर फिरते गिअर तेल घुसळून फेस करतात, आणि फेसाळ तेल ना दाब देतं ना वंगण.

वेगळा पंखा लावावा का?

कूलर रेडिएटरच्या पुढे असेल आणि इंजिनच्या पंख्याला श्राउड (त्याच्याभोवतीचं आवरण) असेल, तर गरज नाही. श्राउड हरवलेला असेल तर आधी तो शोधा. पंखा लावलाच तर ८० अंशांच्या आसपास चालू होणारा स्विच, रिले आणि स्वतंत्र फ्यूज द्या. त्या काळच्या अल्टरनेटरची ताकद आयडलला फार कमी असते. एसीचा ब्लोअर, हेडलाइट आणि हा पंखा एकत्र चालले की बॅटरी उतरते. जुन्या वायरिंगच्या इग्निशन वायरला पंखा जोडणं म्हणजे डॅशबोर्डमागे निखारा ठेवणं.

तापमानाचा गेज कुठे लावायचा?

चेंबरला. तिथलं तापमान स्थिर असतं आणि गिअरबॉक्सला मिळणारं खरं तेल तेच. जाणाऱ्या लाइनमधला गेज कुरई घाटात क्षणभर १२५ दाखवतो आणि लगेच उतरतो. ते बघून घाबरायचं कारण नाही, पण रोजच्या वापराला तो त्रासदायक ठरतो. चेंबरचा आकडा १०५ च्या वर टिकून राहिला तर गाडी बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि इंजिन १,००० ते १,२०० आरपीएमवर चालू द्या. बंद करू नका; बंद केलं की तेल फिरणं थांबतं आणि उष्णता कन्व्हर्टरमध्येच कोंडते.

गिअर घसरतोय. कूलरने थांबेल का?

नाही. घसरल्यामुळे तेल तापतंय, तापल्यामुळे घसरत नाही, हेच बहुतेक वेळा खरं असतं. आधी पातळी, मग फिल्टर. टर्बो ३५० आणि ४०० मध्ये व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनच्या व्हॅक्यूमवरून गिअरबॉक्समधला दाब ठरवणाऱ्या भागाची) नळी तपासा. तिच्यात एटीएफ आढळलं तर पडदा फाटलाय. ७२७ मध्ये थ्रॉटल लिंकेज सगळ्यात महत्त्वाचं. कार्ब्युरेटर बदलताना ते सैल राहिलं किंवा काढून टाकलं, तर दाब कमी पडतो आणि क्लच थोड्याच दिवसांत जळतात. तेल तपकिरी आणि जळक्या वासाचं असेल तर चेंबर उघडा. काळा, मऊ गाळ तळाशी थोडा असणं नेहमीचं; धातूचे चमकते कण असतील तर गिअरबॉक्स उघडायची वेळ आली आहे.

गिअरबॉक्स जळाल्यानंतर जुना प्लेट-फिन किंवा स्टॅक्ड-प्लेट कूलर धुऊन परत लावू नका. आतल्या वाटांत अडकलेला कचरा पूर्ण निघत नाही आणि नव्या गिअरबॉक्समध्ये जातो.

डिपस्टिकवर तेल गुलाबी दुधासारखं दिसतंय.

पाणी मिसळलंय. इंजिन सुरूसुद्धा करू नका, गाडी टो करून न्या. पाण्याने क्लच प्लेटचा गोंद सुटतो. रेडिएटर, तेल आणि बहुधा क्लचही बदलावे लागतात.

व्हिंटेज नोंदणीला अडचण येते का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांतल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. मूळ भोकांना बोल्ट केलेला कूलर यांपैकी कशालाच हात लावत नाही. काढलेले नट आणि लाइनचे तुकडे मात्र चिठ्ठी लावून जपून ठेवा.

देखभाल किती?

पहिल्या १०० किलोमीटरनंतर क्लिपा एकदा तपासा. फेब्रुवारीअखेर, ऊन चढायच्या आधी, फिन मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने पत्रा वाकतो. कापसाच्या हंगामात गाड्यांमागून प्रवास केला असेल तर तंतू फिनमध्ये अडकून चटईसारखे बसतात, आणि पावसाळ्यात रात्रीच्या प्रवासात किडे. होज दर चार-पाच वर्षांनी बदला, वरून कितीही चांगला दिसत असला तरी. कडक झालेला होज बोटांनी दाबल्यावर कळतो: दबत नसेल तर तो काढायचा.